वालूरच्या शेततळ्यात निवडलेला सर्फबोर्ड

सर्फबोर्ड घ्यायला परभणी जिल्ह्यात निघाले आहे, असं सांगितल्यावर रत्नागिरीत माझ्या शाळेतले सगळे शिक्षक हसले. मी मात्र ठाम होते. चव्वेचाळीसाव्या वर्षी, भाड्याच्या फोमच्या बोर्डावर दोन हंगाम काढून, आता मला स्वतःचा हवा होता. जाहिरातीतला पांढरा, टोकदार, सहा फुटी बोर्ड वालूरला होता, म्हणून मी वालूरला निघाले.

सेलूला रेल्वेतून उतरून एसटी पकडली. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, तुरीला पिवळी फुलं होती. वालूरच्या थांब्यावर जाहिरात देणारा विश्वनाथ मोटारसायकल घेऊन उभा होता. आठ वर्षं कोकणच्या किनाऱ्यावर त्यानं लोकांना सर्फिंग शिकवलं. वडील गेल्यावर दोन वर्षांपूर्वी तो शेतीकडे परतला.

त्याच्या आईनं बोर्डाचं नाव काढू दिलं नाही. "लांबून आलाव, आधी जेवा," म्हणत भाकरी आणि येसर (भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची आमटी) वाढली. मी दोनदा मागून घेतली.

मग आम्ही तिघं आखाड्यावर (शेतातल्या घरी) गेलो. पत्र्याखाली दोन बोर्ड टांगलेले होते. पांढऱ्याशेजारी एक रुंद, साडेसात फुटी, विटका पिवळा. तो विकायचा नाही, असं विश्वनाथनं आधीच सांगितलं.

दहातल्या किती लाटा पकडता, त्यानं विचारलं. सात, मी म्हणाले. फुटून फेस झालेल्या की न फुटलेल्या? मी खरं सांगितलं. न फुटलेली एखादीच.

तो मला शेततळ्यावर घेऊन गेला. तळ्याचं प्लास्टिक निसरडं, म्हणून कमरेला दोर बांधला. तरी मी काठावरच आपटले आणि बसल्या बसल्या थेट पाण्यात गेले. आई पदरात तोंड लपवून हसत होती.

पांढऱ्यावर पालथी पडले, तर छाती पाण्याखाली. चार हात मारले की तो कलंडायचा. गोड्या पाण्यात बोर्ड थोडा खाली बसतो, पण इतका नाही, असं विश्वनाथ काठावरून म्हणाला.

"ताई, हा तुमाला इकत न्हाई मी. वर्षभर लाटा हुकतील, मग तुमी सर्फिंगच सोडून द्याल."

मला राग आला. इतक्या दूर येऊन नकार ऐकायचा? पण पाण्यात पडल्या पडल्या मला त्याचं पटतही होतं.

"मग पिवळा द्या," मी म्हणाले.

त्यानं नकारार्थी मान हलवली. त्याच बोर्डावर तो पहिल्यांदा उभा राहिला होता. शेवटी आईच म्हणाली, "इथं टांगून त्याला काय करायलास? दे की."

त्यानं आणून दिलेल्या पिवळ्यावर मी पाच-सहा हातांत पलीकडच्या काठाला पोचले. परत वळले तेव्हा माझा निर्णय झालेला होता.

निघताना त्यानं बोर्ड दोन गोधड्यांत गुंडाळला, कापसाच्या टेम्पोतून सेलूपर्यंत पोचवला आणि चीर दिसली तर बोर्ड वाळवून ती बुजवल्याशिवाय पाण्यात न्यायचा नाही, असं बजावलं. गाडीत प्रत्येकानं हे काय आहे म्हणून विचारलं. मी प्रत्येकाला सविस्तर सांगितलं.

परतल्यावर पहिल्याच रविवारी मी समुद्रात न फुटलेल्या तीन लाटा पकडल्या. तिसरीवर उभी राहून उजवीकडे वळले, वाळूपर्यंत आले. ओल्या हातानंच विश्वनाथला फोन लावला. तो तुरीत फवारणी करत होता. सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाला, उन्हाळ्यात शेत मोकळं झालं की एक दिवस येतो.

मला हवा तो बोर्ड घ्यायला गेले होते आणि मला पेलेल तो घेऊन आले. विश्वनाथनं पांढरा विकला असता, तर मी खुशीनं घेतला असता. तो येईल तेव्हा पहिली लाट त्याची, हे मी ठरवून ठेवलं आहे.