तिसऱ्या पेल्यातलं लिंबू

माझ्या वन्संना इमारतीत सगळे 'नाक' म्हणायचे. तोंडावर 'ताई', पाठीमागे 'नाक'. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. दूध नासलंय की काय अशी शंका आली की शेजारीण पातेलं घेऊन थेट खालच्या मजल्यावर त्यांच्या दारात. वन्सं झाकण जरासं उचलायच्या आणि म्हणायच्या, "आत्ता पिऊन टाका. तापवलंत तर फाटेल."

नोकरीच तशी होती. खाण्यापिण्याच्या जिन्नसांना स्वाद देणाऱ्या एका प्रयोगशाळेत त्या चव घ्यायच्या. अरुंद कप्प्यात एकटीनं बसायचं. वर लाल दिवा, म्हणजे पेल्यातला रंग बघून मन फसायला नको. समोरच्या छोट्या खिडकीतून तीन पेले यायचे, दोन सारखे, एक वेगळा. घोट घ्यायचा, थुंकायचा, चूळ भरायची आणि वेगळ्या पेल्यापुढे चिठ्ठीवर खूण करायची. बरोबर की चूक ते कधीच सांगत नसत. सांगितलं तर माणूस चव सोडून शाबासकीच्या मागे लागतो म्हणे.

या कामापायी बाईंनी जन्मात अत्तर लावलं नाही. साबण बिनवासाचा, देवापुढे उदबत्तीसुद्धा नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "देवाला चालतं गं. नाक त्यानंच दिलंय, मी कशाला जपते ते त्याला कळत नसेल होय?"

आईवडील लवकर गेले, तेव्हा धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं. तो भाऊ म्हणजे माझा नवरा. हे अणूच्या गाभ्यावर काम करतात. लग्न झाल्यावर मला समजावून सांगायला बसले होते, की त्या गाभ्यात कुणी डोकावू शकत नाही. बाहेरून मारा करायचा, काय उसळून येतं ते मोजायचं आणि आतली रचना कशी असेल त्याचं गणित मांडायचं. वन्सं शेजारीच बसल्या होत्या. म्हणाल्या, "म्हणजे बंद दाराला कान लावून आत कोण कोण जेवतंय ते ओळखायचं. बाळ्या, तुझी लहानपणापासून हीच खोड!"

गेल्या वर्षी वन्संना ताप आला. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू एवढं कळायचं, पण बाकी सगळी चव घशामागून नाकात जाते तेव्हा कळते. नाक दाबून गोळी चघळून बघा, नुसती साखर लागेल. त्यांचं सगळं जेवणच तसं झालं. डॉक्टर म्हणाले, येईल परत, धीर धरा. वन्संनी आम्हा दोघांनाच सांगितलं. "थोडी वाट बघते. नाहीच आलं तर मीच साहेबांना सांगेन. तोवर कुणाजवळ बोलू नकोस रे बाळ्या."

"छे, मी कशाला बोलतोय," हे म्हणाले.

मी देवाजवळ रोज एकच मागायचे. आणि एक दिवस वन्सं जिन्यातूनच हाका मारत आल्या. "अगं, लिंबू लागलं! अगदी सालीसकट! तीन पेले होते, लिंबाचा ओळखा म्हणाले. मी तिसरा दाखवला. साहेब स्वतः खिडकीशी येऊन म्हणाले, बरोबर!"

मी त्यांना मिठीच मारली. ह्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "छान झालं, ताई."

मग असं अधूनमधून होतच राहिलं. कधी संत्रं, कधी पुदिना, पुन्हा लिंबू. आधी नाव सांगायचे, मग पेले द्यायचे आणि मग शाबासकी. कधी न बोलणारी माणसं एकाएकी बोलायला लागली, तिथेच मला खटकायला हवं होतं. पण आनंदात कोण एवढा विचार करतं?

नियम मोडायचं वन्संच्या स्वभावात नव्हतं. तरी एका सुट्टीच्या आदल्या दिवशी त्यांनी तिसऱ्या पेल्यातलं उरलेलं पाणी झाकणाच्या बाटलीत भरून आणलं. जेवायला बसलो होतो. बाटली माझ्यापुढे धरली. "तू रोज देवाला साकडं घालतेस ना? मग पहिला मान तुझा. घे."

हे एकदम म्हणाले, "राहू दे गं, जेवणाआधी कशाला!"

मी तोवर घोट घेतला होता. गोड, आंबट. मी पुन्हा हुंगलं, पुन्हा घोट घेतला. पाण्याला कसलाच वास नव्हता. मी ह्यांच्याकडे बघितलं. ते ताटातला घास चिवडत होते.

"काय गं? लागलं ना?"

खोटं बोलायचा मोह झाला. पण खोटं आमच्या घरात आधीच पुरेसं झालंय, हे माझ्या लक्षात आलं होतं.

"वन्सं, यात लिंबू नाही. साखर आहे आणि आंबट काहीतरी."

त्यांनी बाटली घेतली, डोळे मिटून घोट घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर लिंबू स्पष्ट दिसलं मला. मग त्यांनी डोळे उघडले आणि भावाकडे वळल्या. "बाळ्या?"

ह्यांनी सगळं सांगितलं. प्रयोगशाळेच्या साहेबांना चवीचं गणित हवं होतं. जिभेकडून किती येतं, नाकाकडून किती आणि मन पदरचं किती घालतं. आत न डोकावता गणित मांडायची ह्यांची हातोटी, म्हणून ह्यांना बोलावलं होतं. इतकं मुरलेलं नाक, आणि तेच गेलेलं, असं माणूस शोधून सापडत नाही. ह्यांनीच ताईचं नाक गेल्याचं सांगून तिचं नाव सुचवलं. तिन्ही पेले सारखेच असायचे, वास एकातही नसायचा.

"तुला सांगितलं असतं तर प्रयोगच बिघडला असता, ताई. आणि नाक गेलं म्हणून त्यांनी काढलं असतं तुला. या निमित्तानं तू तिथं राहिलीस."

"मी जिन्यातून ओरडत आले तेव्हा तुला माहीत होतं?"

ह्यांनी मानेनंच हो म्हटलं.

"आणि छान झालं म्हणालास." वन्संचा आवाज अजिबात चढला नाही. "काढलं असतं तर काढलं असतं रे. वास गेला तेव्हा मी रडून घेतलं होतं. तू मला तो खोटा परत आणून दिलास. आता पुन्हा जायचा."

सुट्टीनंतर त्या कामावर गेल्या. लाल दिव्याखाली बसल्या, तीन पेले आले. चिठ्ठीवर एकापुढे खूण करायची असते. त्यांनी तिन्हींवर आडवी रेघ मारली, 'तिन्ही सारखे' लिहून चिठ्ठी खिडकीतून आत सारली आणि बाहेर पडल्या त्या कायमच्या.

आता देवापुढे उदबत्ती लावतात. "मला नाही येत वास, त्याला तरी येऊ दे," म्हणतात.

आमच्याकडे येणं त्यांनी तोडलं नाही. मला वाटलं होतं, तोडतील. परवा जेवताना ह्यांनी त्यांच्या ताटात वरण वाढलं आणि हळूच म्हणाले, "ताई, लिंबू पिळलंय."

वन्संनी घास हातातच ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"खरं का गं?"