तीन सेकंदांचा उशीर

न्हावा शेव्याच्या बंदराबाहेर कंटेनर उतरवून ठेवायची खासगी यार्डं आहेत. त्यातल्या एका यार्डातल्या क्रेनला आम्ही वजनाचा काटा बसवला होता. आम्ही म्हणजे पनवेलमधला एक छोटा कारखाना. साहेब, जोडणी करणाऱ्या दोघी जणी आणि मी. सर्किट आखायचं काम माझं.

काट्याचं काम सरळ होतं. क्रेनने कंटेनर उचलला की ऑपरेटरच्या केबिनमध्ये वजनाचा आकडा दिसायचा आणि वजन पस्तीस टनांच्या वर गेलं की क्रेन आपोआप थांबायची. पण क्रेनच्या मोटरी घुरघुरतात आणि ती घुरघुर वजनाच्या सिग्नलमध्ये मिसळते. ती गाळून टाकायला फिल्टर लागतो. हळू बदलणारं वजन पुढे जाऊ द्यायचं, भराभर थरथरणारी घुरघुर अडवायची. यार्डवाल्यांची एकच अट होती, आकडा हलता कामा नये. म्हणून मी सगळ्यात कडक फिल्टर निवडला होता. कागदावर त्याचा आलेख ठरलेल्या जागेपर्यंत जवळजवळ सपाट जायचा आणि तिथून कड्यावरून पडल्यासारखा खाली यायचा. मला तो फार देखणा वाटला होता. साहेबांनीही पाठ थोपटली होती.

काटा बसवून आठवडा झाला नाही तोच यार्डातून फोन आला. क्रेन मध्येच थांबते. कंटेनर ट्रेलरपासून दोन हात वर लटकत राहतो आणि वाऱ्यावर झुलतो.

मी सकाळीच गेले. क्रेनचे ऑपरेटर पन्नाशीचे, उरणकडच्या मिठागरवाल्यांच्या घरातले. मी त्यांना काका म्हणायचे. शिडी चढून त्यांच्या केबिनमध्ये गेले. पायाखाली काच, काचेखाली कंटेनरचं छप्पर.

"ताई, तुझा काटा खोटं बोलतो," काका म्हणाले. "आतला माल मना ठावं हाय. तीस टनाच्या वर न्हाय."

"काका, आम्ही मोजलेली वजनं ठेवून तपासलाय तो. एक किलोचा फरक नव्हता."

"ठेवून बघितलास. उचलून बघितलास काय?"

त्यांनी दांडा ओढला. आकडा सरसर चढला, तीस, तेहतीस, सदतीस. खटकन क्रेन थांबली. सगळी केबिन हलली. मी खुर्चीची पाठ धरली. मग आकडा अठ्ठावीसवर उतरला, पुन्हा बत्तीसवर गेला आणि शेवटी तिसाला येऊन टेकला.

मी ते पाहिलं होतं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी खाली उतरून मी साहेबांना फोनवर सांगितलं की काका झटका देऊन उचलतात, त्याने आकडा उडतो. हे लिहिताना आजही माझे कान तापतात.

"अगं मग झटके गाळून टाक की," साहेब म्हणाले. "फिल्टर आणखी हळू कर. यार्डाचा मॅनेजर डोकं खातोय माझं. आजच्या आज कर."

मी मोठे कपॅसिटर लावले. आता आकडा सावकाश चढायचा, तीन सेकंदांनी तिसाला पोचायचा आणि तिथेच शांत उभा राहायचा. दुपारपर्यंत क्रेन एकदाही अडली नाही. मॅनेजरने मला सरबत पाजलं. काका मात्र खाली आले नाहीत. वरूनच हात हलवून त्यांनी विचारलं, काय केलंस? मीही हातानेच सांगितलं, सगळं ठीक आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा यार्डात होते. सहीचा कागद घ्यायचा होता, बाकी काम नव्हतं. मी क्रेनपासून वीसेक पावलांवर सावलीत उभी होते. एक ट्रेलर येऊन क्रेनखाली लागला. ड्रायव्हर पेणकडचा होता, तिशीतला. तो आपल्या केबिनमध्ये बसून मोबाइल बघत होता.

कंटेनर ट्रेलरला चार कोपऱ्यांत लॉक केलेला असतो. उचलण्याआधी ती चारही लॉक सोडायची असतात. त्या दिवशी मागचं एक लॉक गंजून अडकलं होतं आणि ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

क्रेनने कंटेनर उचलला. कंटेनरबरोबर ट्रेलरचा मागचा भाग उठला. आधी चाकांची दबलेली रबरं फुगली, मग चाकं जमिनीवरून सुटली. मला वाटलं, आता क्रेन थांबेल. काटा त्यासाठीच होता. कंटेनरच्या वजनात ट्रेलरचं वजन मिळालं की आकडा पस्तीसच्या वर जाणारच होता. पण माझा आकडा अजून रस्त्यातच होता. मला तो दिसत नव्हता, तरी मला ठाऊक होतं की तो आत्ता वीसच्या आसपास असेल. ट्रेलर वीतभर वर गेला, हातभर वर गेला आणि तिरका झाला. ड्रायव्हरच्या केबिनमधून आरोळी आली.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही.

क्रेन थांबली. काट्याने नाही, काकांनी थांबवली. ट्रेलर तिरका लटकला होता आणि एकाच लॉकवर सगळा भार करकरत होता. काकांनी तो इतका हळू खाली घेतला की चाकं टेकल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. तो खाली घ्यायला त्यांनी सुरुवात केली तेव्हा कुठे क्रेनचा भोंगा वाजला होता. वजन जास्त आहे म्हणून माझा काटा तेव्हा सांगत होता.

ड्रायव्हर उतरला. कपाळ खरचटलं होतं, तेवढंच. तो ट्रेलरला हात लावून उभा राहिला. मग म्हणाला, "मशीन हाय ना वरती? आपोआप थांबतं बोलले होते."

मॅनेजर लॉक सोडणाऱ्या कामगारावर ओरडायला लागला. मी म्हणायला हवं होतं की थांबा, चूक माझीही आहे. मी गप्प राहिले.

काका खाली आले. ते माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "पयला काटा उतावळा होता, ताई. पण येळेवर बोलत होता. आता यो झोपलाय."

"तुम्हाला कसं कळलं? आकडा तर..."

"दांड्यातून कळतं. सगल्यांना कळंल असं न्हाय. उद्या माझ्या जागी दुसरा बसंल."

मी मॅनेजरला सांगितलं की काटा दुरुस्त होईपर्यंत क्रेन बंद ठेवा. तो हसला. मी वर चढून काट्याचा सर्किट बोर्डच काढून घेतला आणि क्रेन बंद पडली, तेव्हा तो हसायचं थांबला. साहेबांचे चार फोन आले. मी उचलले नाहीत.

कारखान्यात मी बोर्ड टेबलावर ठेवला आणि ते केलं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. तोवर मी फिल्टर फक्त एकाच बाजूने तपासला होता, कुठली थरथर किती अडते. एकदम वजन पडल्यावर तो कसा वागतो, किती वेळाने खरं सांगतो, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. आता मी सिग्नल एका फटक्यात शून्यावरून वर नेला आणि ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर बघत बसले. जुने कपॅसिटर परत लावल्यावर कडक फिल्टरची रेघ खऱ्या वजनाच्या पाव हिस्सा वर उडाली, खाली आली, पुन्हा वर गेली. काकांच्या केबिनमध्ये दिसलेला तोच सदतीस आणि तोच अठ्ठावीस. काकांचा हात सरळ होता, झटका नव्हताच. मोठ्या कपॅसिटरची रेघ उडाली नाही, पण रांगत रांगत वर आली.

फिल्टरचा तिसरा प्रकार मी कॉलेजात वहीत लिहून घेतला होता आणि कधी वापरला नव्हता. त्याचा आलेख अगदीच साधा दिसतो. कडा नाही, लांबलचक उतार. घुरघुर त्यातून थोडी झिरपते. मी त्याच बोर्डावरचे काही रेझिस्टर आणि कपॅसिटर बदलले आणि पुन्हा फटका दिला. रेघ अर्ध्या सेकंदाच्या आत वर आली आणि न उडता थांबली. मी वीसेक वेळा तेच करून पाहिलं. जोडणी करणाऱ्यांपैकी एकीने विचारलं, "ताई, बिघडलंय का?" मी म्हटलं, नाही, बघू दे.

साहेब आले ते चिडूनच. आकडा बघून म्हणाले, "शेवटचा अंक नाचतोय. यार्डवाले घेणार नाहीत."

"नाचू दे. साहेब, त्या ट्रेलरमध्ये माणूस होता."

"लॉक अडकलं त्याला आपण काय करणार?"

"काट्याने थांबवायला हवं होतं. मी हळू केला म्हणून थांबवलं नाही. मी तसं लिहून देणार आहे."

ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, "ते हळू करायला मी सांगितलं होतं. तेही लिही." मला त्यांच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी बोर्ड बसवला. काकांच्या मागे उभी राहिले. मुद्दाम एक कंटेनर लॉक न सोडता उचलायचा होता, खाली सगळ्यांना लांब करून. काकांनी दांडा ओढला. आकडा तिसाच्या पुढे गेला, चाकांची रबरं फुगली आणि चाकं सुटायच्या बेतात असताना क्रेन थांबली. मग लॉक सोडून भरलेले अकरा कंटेनर उचलले. एकदाही अडली नाही.

"बरा हाय," काका म्हणाले. "शेवटला आकडा थरथरतो, पण तो मी बघतंय कशाला?"

मी लिहून दिलेला कबुलीचा कागद वाचून मॅनेजरने तो घडी करून खिशात घातला. लॉक सोडणाऱ्याला त्याने कामावरून काढलं नाही, एवढं मला नंतर कळलं.

खाली तो पेणचा ड्रायव्हर पुन्हा माल घ्यायला आला होता. मी त्याच्याकडे गेले आणि काय झालं होतं ते सगळं सांगितलं, फिल्टर वगैरे शब्द न वापरता. त्याने ऐकून घेतलं. "आता नीट केलंय ना?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. त्याने मान हलवली, गाडी क्रेनखाली लावली, केबिनमधून उतरला आणि कंटेनर पूर्ण सुटेपर्यंत पार कुंपणापाशी जाऊन उभा राहिला. त्यानंतर मी यार्डात जेव्हा जेव्हा त्याला पाहिलं, तेव्हा तो तिथेच उभा असायचा.