खरवडीचा डबा

सुभेदारीणकाकी दुसऱ्यासाठी रांधलेलं कधी चाखून बघत नसत. सव्वाशे माणसांच्या आमटीचं झाकण उचलायच्या, वाफ नाकावर घ्यायच्या, आमच्याकडे एकदा नजर फिरवायच्या आणि निकाल द्यायच्या. "ह्यात मीठच न्हाई." "ह्यात दोनदा पडलंय." मी त्यांना तीन वर्षं पाहिलं. माझ्या मोजदादीप्रमाणे तेवढ्यात त्या दोनदाच चुकल्या. मिठाला वास नसतो हे मला शाळेत शिकवलं होतं. त्यामुळे ही गोष्ट पहिल्या रविवारपासून मला खुपत होती.

त्यांचे यजमान फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि पुढे वारले. काकी मूळच्या पाटणकडच्या, राहायला सांगलीत. त्यांचं खरं नाव आम्हा अठराजणींपैकी कुणी कधी घेतलं नाही. आमच्या गटात दोन पापडवाल्या, एक मसाले कांडणारी, तिघी डबे पुरवणाऱ्या आणि बाकी माझ्यासारख्या घर सांभाळणाऱ्या. दर रविवारी सकाळी हळदीच्या एका व्यापाऱ्याच्या गोदामामागच्या शेडमध्ये जमायचं, भात, आमटी आणि एक भाजी करायची, आणि दुपारी मिरजेच्या एका इस्पितळाच्या आवारात रुग्णांच्या नातेवाइकांना वाढायची. संक्रांतीचं हळदीकुंकू आणि वर्षाचा मेळावाही त्याच शेडमध्ये व्हायचा. 'उतरवा' हा शब्द फक्त काकींनी उच्चारायचा. त्याआधी पातेलं शेगडीवरून हलत नसे.

"ज्याच्यासाठी रांधलं त्याच्या आधी आपल्या जिभंला लावायचं न्हाई," हा त्यांचा नियम. त्यामुळे शेडमध्ये कुणी भाताचं शीतही तोंडात टाकायचं नाही. चारचार तास आम्ही अन्नाच्या ढिगात उभ्या असायचो आणि उपाशी घरी जायचो. ते मला योग्यच वाटायचं.

त्यांची जीभ फार वाईट होती. एका पापडवालीला त्या म्हणाल्या, "तुज्या पापडाला तुज्यागत सुरकुत्या पडल्यात की गं." नवीन लग्न झालेल्या एका मुलीचा भात गिचका झाला, तर तिला सगळ्यांपुढे उभी करून विचारलं, "सासूनं पाठवलं व्हय तुला? म्हातारी आज सुखानं जेवली असंल." मी घरून वजनकाटा आणायचे आणि लिटरमागे किती ग्रॅम मीठ ते वहीत लिहून ठेवायचे. माझं नाव त्यांनी काटेवाली ठेवलं. "तू मीठ घालतीस का औषध देतीस गं, काटेवाले?" आम्ही हसायचो. आपली पाळी येईपर्यंत प्रत्येक जण हसायची. मीही हसले आहे.

जिचं काही चुकलं तिला शिक्षा असायची. सगळं आवरलं की काकी पातेल्याच्या बुडाला लागलेली करपलेली खरवड उलथन्याने ओरबाडून काढायच्या, एका स्टीलच्या डब्यात भरायच्या आणि तो डबा सगळ्यांच्या देखत तिच्या हातात आदळायच्या. "तुज्या हातनं करपलंय, तूच गीळ." ती बाई मान खाली घालून डबा घेऊन जायची आणि पुढच्या रविवारी घासून आणायची. भरताना काकी आमच्याकडे पाठ करून बसत. एकदा झाडलोट करताना मी तो डबा बाजूला ठेवायला उचलला. खरवडीच्या मानाने जड लागला. सव्वा किलो तरी असेल. काकींनी हिसकावून घेतला. "ठेव खाली. त्यो तुजा न्हाई. तुज्यावर अजून ती येळ आली न्हाई."

शैला आमच्यात सर्वांत शांत. माहेर-सासर दोन्ही विट्याकडचं. नवऱ्याचं दूर दक्षिणेत सोनं गाळायचं दुकान. सांगलीत दोन खोल्यांत ती एकटी राहायची. एका रविवारी काकींनी तिच्या आमटीचं झाकण उचललं, वाफ घेतली आणि तिच्याकडे बघत म्हणाल्या, "दोनदा मीठ घातलंय. हिचं ध्यान हितं न्हाई. नवऱ्याचा फोन येत न्हाई वाटतं. तिकडं दुसरं घर मांडलं का गं त्यानं?"

शैलाच्या हातातला डाव खाली पडला. मग मसालेवालीला हसू आवरेना, आणि मग कुणालाच आवरेना.

त्यानंतर सलग पाच रविवार खरवडीचा डबा शैलाच्याच हातात आदळला. त्यातल्या तीन रविवारी तिचं मीठ मी स्वतः तोललं होतं आणि ते बरोबर होतं. भातही लागला नव्हता. म्हणजे ही शिक्षा चुकीला नव्हती. माझ्याकडे तसा लेखी पुरावा होता. सहाव्या रविवारी शैला आली नाही. काकींचा निकाल एकदा तपासायचाच, असं मी त्या दिवशी ठरवलं.

वर्षाच्या मेळाव्यात करमणुकीचा कार्यक्रम असतो. त्यात मी 'काकींची परीक्षा' ठेवली. काकी खूश होत्या. "घ्या की. सुभेदाराच्या बायकूला परीक्षेचं काय भ्या?" मी चार पातेल्यांत तीन-तीन लिटर आमटी केली. कागदाच्या चार पुड्या बांधल्या. एक रिकामी, एकीत तीस ग्रॅम मीठ, एकीत साठ, एकीत नव्वद. लबाडीला जागा नको म्हणून माझ्या नणंदेला बोलावलं. तिने आम्हा सगळ्यांना बाहेर घालवून, मनाला येईल तशा पुड्या घातल्या, कुठल्या पातेल्यात कुठली ते लिहून पाकीट चिकटवलं आणि ती निघून गेली. शेडमध्ये परत आलेल्या एकीलाही काही माहीत नव्हतं. मलाही नाही. इतकी स्वच्छ परीक्षा मी पुन्हा कधी घेतलेली नाही. शैलालाही मी मुद्दाम घरी जाऊन घेऊन आले होते.

काकींनी पहिलं झाकण उचललं. वाफ घेतली. वर बघितलं. त्यांची नजर पापडवालीवरून माझ्यावर आली, माझ्यावरून शैलावर गेली, परत माझ्यावर आली. आम्ही सगळ्या नुसत्या उत्सुकतेने बघत होतो. मला वाटलं, बाई वेळ काढतेय. दुसरं झाकण, तिसरं, चौथं. मग परत पहिलं. तीन वर्षांत त्यांनी एक झाकण दोनदा उचललेलं मी पाहिलं नव्हतं. कपाळाला घाम आला होता. शेवटी त्यांनी बोटाने दाखवलं. "ह्ये बराबर. ह्यात लय झालंय. ह्यात थोडं ज्यादा. आन् ह्यात न्हाईच."

पाकीट मी फोडलं. चारही चुकले होते. 'बराबर' म्हटलेल्या पातेल्यात नव्वद ग्रॅम होतं आणि 'लय झालंय' म्हटलेल्यात काहीच नव्हतं. मसालेवालीने खात्रीसाठी नव्वदचा घोट घेतला आणि सगळ्यांसमोर थुंकला.

"काकी, सर्दी झालीया का वो?"

"नाक घरी विसरून आल्यात!"

"सुभेदार असते तर कोर्टमार्शल झालं असतं, काकी!"

ती नवीन लग्नाची मुलगी टाळ्या वाजवत होती. मी पाकिटातला कागद दोनदा मोठ्याने वाचला, मागे बसलेल्यांना ऐकू जावा म्हणून. सगळ्यांत जास्त वेळ शैला हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच बघत होते आणि मला समाधान वाटलं, हे लिहायला हवं.

काकींनी चारही झाकणं एकेक करून परत ठेवली. पदराने तोंड पुसलं. म्हणाल्या, "उतरवा." कुणी जागचं हललं नाही. शेगड्या केव्हाच बंद होत्या. त्या चप्पल घालून गेल्या आणि परत आल्या नाहीत. पुढच्या महिन्यात खोली सोडून पाटणला धाकट्या दिराकडे गेल्याचं कळलं.

शेड माझ्याकडे आली. मी शिस्त लावली. मीठ काट्यावर, तांदूळ काट्यावर. न चाखण्याचा नियम चांगला होता, तो ठेवला. खरवडीचा डबा बंद केला आणि फळ्यावर लिहिलं, 'शेडमधून कोणीही काहीही घरी नेऊ नये.' कुणाचा अपमान नाही, कुणाच्या घरातलं काही निघत नाही. शैला दर रविवारी यायला लागली. माझ्या शेजारीच उभी राहून आमटी करायची. तिच्या आमटीत एका ग्रॅमचा फरक कधी पडला नाही. काम झालं की ती शेडमधूनच घरी जायची. मिरजेला वाढायला मी आणि इस्पितळाचा एक शिपाई असायचो.

एक गोष्ट मात्र जुळत नव्हती. इस्पितळ नातेवाइकांना चिठ्ठ्या देतं, शिपाई त्या गोळा करतो आणि मी डाव घालताना ताटं मोजते. दर रविवारी ताटं चिठ्ठ्यांपेक्षा एक जास्त भरायची. चिठ्ठ्या एकशे चौतीस, ताटं एकशे पस्तीस. एकशे वीस, तर एकशे एकवीस. मी मोजायची पद्धत बदलली, तरी तेच. बायका बहुतेक डोक्यावरून पदर ओढलेल्या, हातात आपापली ताटली. माझी नजर डावावर, की सगळ्यांना सारखं पडावं. शेवटी मी ती मोजण्यातली चूक धरली आणि एका ताटाची तूट भरून निघावी म्हणून डाव थोडा कमी भरायला लागले.

पुढच्या वर्षी एका लग्नासाठी पाटणला गेले होते. जाऊ की नको करत काकींकडे गेले. त्या सोप्यात घेवडा सोलत बसल्या होत्या. निम्म्या झाल्या होत्या.

"आलीस व्हय, काटेवाले? काटा आणलायस का नुसत्या डोळ्यानं तोलतीस?"

मी म्हटलं, "काकी, शेड नीट चाललीय. मीठ बरोबर असतं."

"असणारच. मिठाला काय, तोललं की झालं." घेवडा सोलतच त्या म्हणाल्या, "मिठाला कुटं वास असतोय गं येडे? मी तुमाला बगत हुते. जिनं इसरलं ती पातेल्याकडं बगती. जिनं दोनदा घातलं ती बगतच न्हाई. त्या दिवशी तुमच्या तोंडावर कायबी नव्हतं. काय वाचू?"

काही तरी बोलायचं म्हणून मी त्यांना एका जास्तीच्या ताटाची चूक सांगितली.

त्यांचा हात थांबला. "कवापासनं?"

मी आठवून सांगितलं. "खरवडीचा डबा बंद केला त्या महिन्यापासून."

"शैला लय वाळलीय का गं?"

"लक्षात नाही आलं."

"दर रविवारी शेजारी हुबी ऱ्हाती न्हवं?"

काकींनी शेंग सोलून टोपलीत टाकली. "त्येनं पैसं धाडायचं बंद केल्यालं. चेहऱ्यावरच हुतं तिच्या. वर चार बोटं खरवड, खाली निम्मा डबा भात-आमटी घालीत हुते. तीन-चार दिस पुरवून खायाची."

"मग सरळ द्यायचा होतात. शिव्या कशाला?"

"सरळ दिलं असतं तर घेतलं असतं तिनं? विट्याच्या सोन्यावाल्याची बायकू ती. भीक न्हाई घेत माणूस. शिक्षा मुकाट घेतंय."

"आणि नवऱ्याचं चारचौघींत काढलंत ते?"

काकींनी माझ्याकडे सरळ बघितलं. "त्ये तोंडाला आलं, बोलले. मला मजा यायची. तुमालाबी येत हुती की. हसत हुतीस."

निघताना त्यांनी मला चहा विचारला नाही. ती आमची शेवटची भेट. काकी त्याच वर्षी गेल्या.

पाटणहून आल्यावरच्या रविवारी मी घरून एक डबा नेला. भात-आमटी उतरवल्यावर तो गच्च भरला आणि वर थोडी खरवड घातली. काकींचं वाक्य मला पाठ होतं. 'तुज्या हातनं करपलंय, तूच गीळ.' बसमध्ये मी ते मनात म्हणून बघितलं होतं. पण शैला समोर उभी राहिली. तिच्या गळ्याची हाडं वर आली होती, आणि ती मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. मी तिला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हटलं, "शैला, थोडं उरलंय गं. घरी घेऊन जा."

तिने फळ्याकडे बघितलं. मग डब्याकडे. मग माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि तिथे जे होतं ते तिने वाचलं.

"नको ताई," ती म्हणाली. "घरी सगळं आहे."

हात धुऊन, पदर नीट करून ती गेली. पुन्हा शेडवर आली नाही. पंधरा दिवसांनी मी तिच्या घरी गेले तेव्हा खोलीला कुलूप होतं. मालकीणबाईंना ती कुठे गेली ते माहीत नव्हतं.

शैलाने डबा नाकारला त्याच रविवारी दुपारी मिरजेत मी डावाकडे न बघता एकेक तोंड बघत वाढलं. चिठ्ठ्या एकशे एकतीस होत्या. ताटंही एकशे एकतीस भरली. त्यानंतर एकाही रविवारी ताट जास्त भरलेलं नाही.