पाडकामाची परवानगी दाखवा

"विटा चोरायले आली होती ही."

शेठ हवालदाराला सांगत होता. माझी मोठी बहीण शेवंता सरकारी दवाखान्यातल्या खाटेवर पडली होती. कमरेखालचं तिला काही कळत नव्हतं. केसांत चुना, कानांत चुना, पापण्यांवर चुना. ज्याच्या दुकानाची भिंत तिच्या अंगावर पडली, तोच माणूस तिच्या उशाशी उभा राहून तिला चोर म्हणत होता.

"जुनी भिंत होती साहेब. आपोआप पडली. आमचं काही कामच चालू नव्हतं तिथं."

हवालदार लिहून घेत होता. शेवंतानं डोळे उघडले. "मी चोर नाई," एवढंच म्हणाली.

शेठ हसला. "जंगलातून येतात हे लोक. दिसलं ते उचलतात."

मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. तीन दिवस त्याच भिंतीवर घण घालून माझे तळहात फुटले होते. पण मी गप्प बसले. उद्या पुन्हा काम याच माणसांकडे मागायचं आहे, हे डोक्यात होतं. बहिणीला माझ्यासमोर चोर म्हटलं आणि मी मजुरीचा विचार केला. हे लपवून पुढचं सांगण्यात अर्थ नाही.

आम्ही दोघी पाडकाम करणाऱ्या. गाव गडचिरोलीच्या जंगलात. तिथं धान व्हायचं थोडं, मोहफूल वेचायचं, उन्हाळ्यात तेंदूपत्ता. त्यावर वर्ष निघेना म्हणून चंद्रपूर जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावी आलो. आमच्या गावी जुनं घर कोणी पाडत नाही, उतरवतात. छपराचे कवेलू एकेक करून खाली, मग लाकडी फाटे, मग मयाली म्हणजे आडव्या तुळया, मग भिंतीची माती. इथं येऊन आम्ही पाडायला शिकलो. आधी डोक्यावर टोपली, मग हातात सब्बल म्हणजे पहार, मग घण. एकवीस वर्षं. बाजारातल्या निम्म्या नव्या दुकानांच्या जागी आधी काय होतं, ते मी सांगू शकते. आमच्याच हातांनी गेलं ते.

शेठचं दुकान दुमजली होतं. अशी इमारत वरून खाली उतरवत यायची असते. छत, मग वरच्या भिंती, मग खालच्या. शेठला घाई होती. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "खालून पोकळ करा. एकदम बसून जाईल."

शेवंता म्हणाली, "असं नाई करत जी. भिंतीले टेके लावा पहिले."

"तू मले शिकवते?"

मुकादमानं तिला डोळ्यांनी दटावलं. तिनं टोपली उचलली. भिंतीच्या बुडाशी वाकली होती, तेव्हा वरून माती झरली. मी ओरडले. तिनं मान वर केली. बस, तेवढाच वेळ मिळाला.

दवाखान्यातून चौथ्या दिवशी मी तालुक्याच्या बांधकाम कचेरीत गेले. तिथं काम चालू होतं, एवढं कोणीतरी लिहून द्यावं, म्हणजे बहिणीवरचा चोरीचा शब्द जाईल, असं मला वाटलं. इंजिनिअर साहेब खुर्चीत होते. समोर दोन खुर्च्या रिकाम्या. मी एकीच्या पाठीला हात लावला.

"तिथंच उभी राहा. धूळ लागते खुर्चीला."

त्या दिवशी मी धुतलेलं लुगडं नेसून गेले होते. माझ्या अंगावर धूळ नव्हती.

साहेबांनी रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं, मिटलं. "या पत्त्यावर पाडकामाची परवानगीच दिलेली नाही. परवानगी नाही, म्हणजे पाडकाम नाही. पाडकाम नाही, म्हणजे मजूर नाही. समजलं? मग तुझी बहीण तिथं काय करत होती?"

बाजूच्या टेबलावरचा बाबू हसला. मी बाहेर आले. जिन्यात बसले. परवानगी नाही म्हणजे मजूर नाही, तर त्या परवानगीत लिहिलेलं असतं तरी काय, ते मला पाहायचं होतं.

थोड्या वेळानं उठले, अर्जांच्या खिडकीवर गेले आणि तिथल्या कारकुनाला म्हटलं, "पाडकामाच्या परवानगीचा अर्ज द्या."

"कोनाच्या इमारतीसाठी?"

"कोरा द्या. वाचायचा हाय."

मी आश्रमशाळेत नववीपर्यंत शिकले आहे. तो अर्ज मी शेवंताच्या खाटेशी बसून मोठ्यानं वाचला. इमारत पाडण्याआधी वीज तोडायची. रस्त्याच्या बाजूनं आडोसा करायचा. शेजाऱ्याला कळवायचं. वरून खाली पाडत यायचं, भिंतींना आधार द्यायचा. काम करणाऱ्या ठेकेदाराचं नाव लिहायचं. मजुरांचा विमा जोडायचा.

शेवंता ऐकत होती. "मजुराचा विमा? हे लिहून हाय तिथी?"

"हो बाई."

"मंग आपल्याले काऊन नाई सांगतलं कोनी?"

ती जे शेठला सांगत होती, तेच छापून होतं तिथं. भिंतीला आधार द्या. तिला सही करता येत नाही, पण तिचं म्हणणं कायद्यात होतं आणि शेठ कायद्याबाहेर. एकवीस वर्षं आम्ही इमारती पाडल्या, आणि इमारत पाडायच्या आधी एक कागद लागतो, त्या कागदात आमच्यासाठीही जागा असते, हे आम्हाला कोणी कळू दिलं नाही. कागद नसला की मालकाचे हेलपाटे वाचतात. आणि भिंतीखाली माणूस सापडला, तर तो माणूसच नव्हता असं म्हणता येतं. त्या दिवशी माझ्या डोळ्यांवरची झापड उतरली.

आठवड्यानं मुकादमाचा निरोप आला. शेठच्या दुकानाचा उरलेला अर्धा भाग पाडायचा होता. मी गेले. मला वाटलं तसंच झालं, मी कामावर परत आले म्हणून शेठ खूश दिसला. मी उंबरठ्यातच बसले.

"शेठ, पाडकामाची परवानगी दाखवा."

"काय?"

"परवानगी. कचेरीचा कागद. त्याबिगर भिंतीले हात नाई लावत."

"तू मले कागद मागते? तू?"

"हो. मीच मागून राह्यली."

मुकादम धावत आला. "उठ वं! पोट भरायचं हाय का नाई?"

"शेवंताचं पोट कोन भरते? तिले चोर म्हनलं तवा कुठी होता भाऊ तू?"

टोपल्या घेऊन उभ्या असलेल्या बायांपैकी एकीनं टोपली उपडी केली आणि तिच्यावर बसली. मग दुसरी. मग सगळ्या. शेजारचा टेलर दुकानातून बाहेर आला. शेठची पडली ती भिंत त्याच्या भिंतीला लागून होती आणि त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत भेग गेली होती. "मलेही पाहाचा हाय कागद," तो म्हणाला. "मले तं कोनी इचारलंच नाई."

शेठकडे कागद नव्हता. शिव्या होत्या, त्या त्यानं दिल्या. त्याच टेलरच्या मशीनवर कागद ठेवून मी तक्रार लिहिली. टेलरनं सही केली, बायांनी अंगठे दिले. तशाच सगळ्या कचेरीत गेलो.

साहेब म्हणाले, "ठेवून जा."

"पोच द्या जी."

"पोच म्हणजे काय, माहीत आहे तुला?"

"शिक्का, तारीख, सही."

मी खुर्ची ओढली आणि बसले. या वेळी माझ्या अंगावर खरंच धूळ होती. माझ्यामागे अकरा बाया उभ्या होत्या. साहेबांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा दाराकडे. शिक्का मारला.

पंचनामा झाला. शेठला नोटीस निघाली, तिची नक्कल मी अर्ज करून मागून घेतली. त्यात लिहिलं होतं, सदर इमारतीचे विनापरवानगी पाडकाम सुरू असल्याचे आढळून आले. तो कागद घेऊन मी ठाण्यात गेले. त्याच हवालदारासमोर ठेवला. त्यानं दोनदा वाचला.

"आता लिहा," मी म्हटलं. "पाडकाम होतं. मजूर होते. शेवंता त्यांच्यातली एक होती. ती कामावर होती."

त्यानं लिहिलं. मी प्रत्येक ओळ वाचली, मगच सही केली.

याच्यापुढे गोड काही नाही. शेठनं नंतर परवानगी काढली. त्याला ती लवकर मिळाली. तिथं आता काचेचं दुकान उभं आहे. शेवंता उठून बसते, चालत नाही. शेठची दोन माणसं घरी आली होती, चूक आमचीच होती असं लिहिलेला कागद घेऊन. शेवंतानं मूठ घट्ट मिटली आणि म्हणाली, "अंगठा नाई देत. जा." शेठवर खटला चालू आहे.

ठेकेदार मला कामावर बोलवत नाहीत. मागून 'कागदवाली' म्हणतात. म्हणू द्या. मी धानाच्या रोवणीला जाते, विटाभट्टीवर जाते. पण बाजारात कुठं पत्रे उतरताना दिसले की थांबते, आणि घण हातात असलेल्या बाईला विचारते, परवानगी पाहिली का? नसेल पाहिली, तर मालकाकडे मी जाते. कागद नसला तर काम थांबवते. ते मला हाकलतील, मी पुन्हा येईन. या गावात मजुराचं नाव न लिहिता एकही भिंत मी पडू देणार नाही.