हिरवळ नव्हे, मोठेबाबांची तूर

मोठेबाबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शहरात बर्डीवर बसची वाट पाहत उभी होते. आमचं गाव सावनेरच्या बाजूला आहे, आणि त्या दिवशी मी त्यांनाच भेटायला निघाले होते. पिशवीत एक अर्ज होता. तो त्यांना वाचून दाखवायचा, सही घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत द्यायचा, असं आमचं ठरलं होतं. बाबा फोनवर एवढंच म्हणाले, "मोठेबाबा गेले तुये. ये तू." सकाळी अंगणात चहा पिताना छातीत कळ आली आणि ते गेले. तेरवीच्या पंगतीत मात्र जो तो एकच बोलत होता : माणूस चांगला, पण हट्टी. मला लेख लिहायची सवय नाही. पण तो शब्द ऐकून मला जो राग आला, तो दोन महिने झाले तरी जात नाही... म्हणून लिहिते आहे.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. त्यांचं वावर, म्हणजे शेत, खुल्या कोळसा खाणीत गेलं आणि त्याबदल्यात त्यांना खाणीत नोकरी लागली. ते डोझर चालवायचे. अशा खाणीत कोळशापर्यंत पोहोचायच्या आधी वरची काळी माती खरवडून वेगळी ठेवतात आणि तिच्याखालचा दगड-मुरूम दुसरीकडे टाकतात. कोळसा संपला की खड्डा त्या मुरमाने बुजवायचा आणि वर ती माती परत पसरायची, असा नियम. आमच्या वावराची पाळी आली तेव्हा मोठेबाबांनी साहेबाला विनंती करून आपली ड्यूटी तिथेच लावून घेतली. मोठीआई, त्यांची बायको, त्यांच्यावर इतकी चिडली होती की चार दिवस बोलली नाही. "आपलंच वावर आपल्याच हातानं काहून खरवडता?" असं तिने विचारलं होतं. त्यावर ते म्हणाले, "दुसरा कोणी मुरमात मिसळून टाकन. मी काढलं तं माती माती राहीन." निवृत्त झाल्यावरही दर पावसाळ्यानंतर ते त्या मातीच्या ढिगापर्यंत सायकलने जायचे आणि किती वाहून गेली ते बघून यायचे.

खाण बंद झाली, खड्ड्याचा मोठा भाग बुजला, उरलेल्यात पाणी साचलं, आणि या जमिनीचं काय करायचं हे ठरवायला गावात सभा झाली. आलेल्या साहेबांनी पडद्यावर चित्रं दाखवली. तळं, तळ्यात बोटी, काठावर बाग, फोटो काढायला एक मोठा लाल बदाम. पोरांना आवडलं. मलाही आवडलं, खोटं कशाला बोलू. मोठेबाबा उठून म्हणाले, "साहेब, तळं करा, बाग करा. पण बुजवलेल्या जागेवर आधी आमची माती टाका. मंग आमाले तिथं पेरू द्या, गुरं चारू द्या." साहेब हसले. "काका, तिथे नुसता मुरूम आहे, काही उगवणार नाही. तुम्ही आपले बोटीत बसायला या." सभा हसली. मागून कोणीतरी म्हणालं, "मोठेबाबा, टोपी सांभाळजा, पाण्यात पडन." हसणारे सगळे आपलेच होते. मीही हसले होते.

त्या उन्हाळ्यात त्यांनी शेजाऱ्याची बैलबंडी मागून घेतली आणि ढिगावरची काळी माती आणून मुरमाच्या एका कोपऱ्यावर टाकली. रोज सकाळी दोन खेपा. आमच्या अंगणाच्या दुप्पट जागा झाकायला त्यांना पाऊस येईपर्यंतचा वेळ लागला. मग तूर पेरली. दसऱ्याला मी घरी गेले तेव्हा ती कमरेएवढी झाली होती. ते मला तिथे घेऊन गेले आणि म्हणाले, "काढ आता फोटो. साहेबाले दाखवू, माती टाकली का उगवते." मी उकिडवी बसून, खालून फोटो काढला, म्हणजे तूर दाट दिसेल. दिसलीही. फोटोत सगळा उतारच हिरवा दिसत होता. अर्ज मी लिहिला. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे घरातले अर्ज मीच लिहिते. त्यात बाबांनी एक अडवलं. "माती न इचारता आणली, ते लिहू नको. चोरीचा आळ येईन." आपल्याच वावराची माती, आणि आम्हीच तिला चोरीची समजून घाबरलो. मी लिहिलं : 'सोबतच्या छायाचित्रावरून दिसेल की या जमिनीवर पीक येते.' मातीबद्दल एक अक्षर नाही. मोठेबाबांनी विश्वासाने सही केली.

पुढच्या सभेत तोच फोटो पडद्यावर आला. साहेब म्हणाले, या जमिनीवर आपोआप हिरवळ आलेली आहे, तेव्हा वरून माती पसरण्याची गरज उरलेली नाही. साठवलेली माती तळ्याकाठच्या बागेला वापरू. दोन आठवड्यांत ढीग उचलला गेला. आमच्या वावराची माती आता तिथल्या लॉनखाली आहे. मुरमाला तारेचं कुंपण झालं, फाटक झालं, आणि फाटकाशी फलक लागला : 'यशस्वी हरितीकरण'. खाली माझा फोटो. मोठेबाबा आणि मी त्या फलकासमोर उभे होतो. ते मला रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं म्हणाले, "फोटो चांगला आला वं तुया."

त्याच संध्याकाळी त्यांनी ठरवलं की स्वतःच्या नावाने खरं ते लिहायचं : माती मी आणली, कोणाला विचारलं नाही, काय शिक्षा करायची ती करा, पण हे आपोआप उगवलेलं नाही. माझ्या पिशवीतला अर्ज तो होता.

तेरवीनंतर मी तो कचेरीत घेऊन गेले. तिथल्या बाबूंनी शेवटचं पान पाहिलं. "अर्जदाराची सही नाही."

"ते वारले."

"मग विषय संपला ना, ताई."

मी अर्ज पिशवीत परत ठेवला आणि बाहेर आले. आता रोज मनातल्या मनात त्यांना विचारते : विषय कसा संपला? कोळसा तुम्ही नेला, खड्डा तुम्ही बुजवला, माती तुम्ही उचलली, आणि जमीन कशाला वापरायची हे विचारायला ज्याला सभेत बोलावलं त्याला बोटीत बसायला सांगून मोकळे झालात. तेच साहेब तेरवीला आले होते. काकांच्या नावाने बागेत एक बाक ठेवू, म्हणाले. बाबांनी हात जोडले. मला त्या जोडलेल्या हातांचाही राग आला, आणि मग स्वतःचा, कारण खालून फोटो मीच काढला होता. हट्टी, म्हणे. रोज दोन खेपा माती वाहून जो माणूस एक गोष्ट सिद्ध करून दाखवतो, त्याला हट्टी म्हणतात. आणि समोर पीक उभं असताना त्याला हिरवळ म्हणणाऱ्यांना काय म्हणायचं?

गेल्या आठवड्यात मी घरी होते. मोठीआई सकाळीच विळा आणि पोतं घेऊन निघाली. "चाल, तूर वाळली असन. शेंगा फुटून जातीन." फाटकावर शेजारच्या गावचा चौकीदार होता. त्याने आधी विळ्याकडे पाहिलं, मग मोठीआईकडे.

"काकू, आत झाडं तोडाले मनाई आहे."

"झाड कुठं आहे बापा? तूर आहे. पिकली का कापा लागते. तुह्या घरी नाही का कापत?"

तो खाली मान घालून हसला. मग त्याने टेबलावरचं रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. आत जाणाऱ्या प्रत्येकाला त्यात लिहावं लागतं : नाव, गाव, येण्याचं कारण. पानभर कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता, 'फिरायला'. मी 'तूर कापायला' लिहिलं. चौकीदार म्हणाला, "ताई, तुमीही फिराले लिहा ना, साहेब मले बोलतीन." मी खोडलं नाही. मग नावाच्या रकान्याशी थांबले आणि मोठीआईला विचारलं, "तुझं लिहू?"

ती तोवर फाटकाच्या आत गेली होती. मागे न वळता म्हणाली, "त्यायचंच लिही. पेरली कोणं?"

मी मोठेबाबांचं पूर्ण नाव लिहिलं, आणि तिच्या मागे गेले.