उभ्या रेघांचा डोंगर

भूगर्भ खात्याच्या गोदामातल्या बाईंना सगळं ऑफिस 'दगडमावशी' म्हणे, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. जमिनीत ड्रिल घालून काढलेल्या खडकाच्या कांड्या त्यांनी सव्वीस वर्षं पत्र्याच्या पेट्यांत अशा निगुतीने सांभाळल्या होत्या, की घरी नवरा म्हणे, "मी दगड असतो तर माझं कल्याण झालं असतं."

त्या सकाळी नवे साहेब यादी घेऊन आले आणि मावशींचं टाळकं सटकलं. तीनशे मीटर उंचीच्या आतलं सगळं 'टेकाड', आणि टेकाड म्हटलं की सपाट करून बांधकामाला मोकळं. यादीत पहिलीच शहरामागची बुटकी डोंगररांग होती. मावशींची फक्त सही हवी होती.

"उंची बघा ना, मावशी," साहेब नको ते बोलून गेले.

"मावशी कुणाला म्हणता? आणि उंचीचं काय घेऊन बसलात? तुमचे आजोबा म्हातारपणी वाकून चार फुटांचे झाले, म्हणून त्यांना पाळण्यात घातलं होतं का?"

शिपायाला खोकल्याची उबळ आली. साहेबांचे कान लाल झाले. "नियम आहे, बाई."

"मग माझाही नियम ऐका. त्या रांगेची पेटी बघितल्याशिवाय सही नाही. ओढा ती खालची. शिपाई नाही, तुम्ही!"

साहेबांनी टाय खांद्यावर टाकून, धापा टाकत पेटी ओढली. मावशींनी एक कांडी त्यांच्या हातात कोंबली.

"रेघा कशा आहेत?"

"उभ्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"चिखल पाण्यात बसतो तो आडवा, थरावर थर. मग हे थर उभे कुणी केले? तुमच्या यादीने? जमीन दोन्हीकडून रेटली, दुमडली, आभाळाला भिडली, तेव्हा झालं हे! वरचं ऊनपावसाने झिजलं. घडी अजून खाली खोलवर तशीच आहे. टेकाड म्हणे! कुणी आणून ओतलेला मातीचा ढीग आहे का तो?"

साहेब बराच वेळ त्या रेघांवरून बोट फिरवत राहिले. मग त्यांनी यादीतली पहिली ओळ खोडली, समासात 'पर्वत' लिहिलं आणि खाली स्वतःची सही ठोकली. वरिष्ठांची बोलणी आता त्यांनाच खावी लागणार होती. कांडी पेटीत ठेवून त्यांनी हात झटकले.

आता तरी बाई निवळतील, असं शिपायाला वाटलं.

"अहो, उलटी ठेवलीत!" मावशी कडाडल्या. "खालचं टोक वर केलंत! आत्ता डोंगर वाचवलात आणि आत्ताच उलथवलात!"