येसेनित्सेच्या पुढची गाडी

तुम्ही शेवटचं एकटं फिरायला कधी गेलात? कामाला नव्हे, लग्नाला नव्हे, कुणाला दवाखान्यात पोचवायला नव्हे. नुसतं फिरायला, आणि एकटं. आठवत नसेल तर तुम्ही आणि लिनेट थर्लबी एकाच रांगेतले.

लिनेट इंग्लंडमधल्या ग्रिम्स्बीची. वय बासष्ट. एकवीस वर्षं एका प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात. चाळीस मिनिटांत दोनशे दहा पोरांना वाढायचं, शुक्रवारी मासा नि चिप्स, वर रोजचं कस्टर्ड. पगार शाळा चालू असते तेवढ्याच आठवड्यांचा, तोच बारा महिन्यांवर पातळ करून वाटलेला. असा पगार ठरवणाऱ्याला एकदा त्या कढयांसमोर उभं करायला हवं. पण लिनेट त्यावर कधी बोलली नाही. तिच्या डोक्यात दुसरंच काही होतं.

आठ वर्षांपूर्वी दातांच्या दवाखान्यात बसली असताना तिने एका मासिकात एक चित्र पाहिलं. हिरवीगार नदी, तिच्यावर एकच प्रचंड दगडी कमान, आणि कमानीवरून दोन डब्यांची गाडी चाललेली. खाली लिहिलं होतं, स्लोव्हेनिया. तिने खोकल्याचं निमित्त करून ते पान टरकन फाडलं आणि पर्समध्ये घातलं. ग्रिम्स्बीच्या आसपासची जमीन टेबलासारखी सपाट. डोंगर पोखरून पलीकडे निघणारी गाडी म्हणजे काय, हे तिला बघायचं होतं. नवरा रॉय म्हणायचा, "तिकडे धड चहा तरी मिळेल का?" रॉय गेल्याला आता तीन वर्षं झाली. पान अजून पर्समध्येच होतं.

या ईस्टरच्या सुट्टीत जायचंच, असं तिने ठरवलं. विमान नको, सगळं गाडीनेच. साठीच्या वरच्यांना सवलतीत मिळणारा युरोपभरच्या रेल्वेचा महिन्याभराचा पास घेतला. मग चौकटीची वही काढून बेत मांडला, तोही स्वयंपाकघराच्या पद्धतीने, मिनिटामिनिटांचा. लंडन, ब्रुसेल्स, कोलोन, म्युनिक, तिथून स्लोव्हेनियातलं येसेनित्से. येसेनित्सेहून त्या कमानीकडे जाणारी छोटी गाडी. कोलोनला बदलायला एकोणीस मिनिटं. "एकोणीस मिनिटांत मी साठ ताटं वाढते," असं तिने समासात लिहिलंय. जेवण म्हणजे पाव, चीज आणि घरून नेलेल्या चहाच्या पुड्या. बोहिनच्या खोऱ्यात एका बाईच्या घरी पाच रात्री.

लेकीला, केरीला, हे कळलं तेव्हा तिने कपच आपटला.

"एकटी? आई, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आहे की. म्हणून तर सगळं वहीत मांडलंय."

"आणि मेबलथॉर्पचं काय? दर ईस्टरला आपण सगळे तिथे समुद्रकाठी कॅराव्हॅनमध्ये असतो!"

"सगळे असता. मी शेगडीपाशी असते."

केरीने मग पोरांना पुढे केलं. "पोरं विचारतील, आजी कुठाय."

"सांग, आजी बोगद्यात आहे."

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात शाळेत ताटं घासताना लिनेट बेताचं सांगत होती. मोठी स्वयंपाकीण मॅक्सीन हात पुसत म्हणाली, "पासपोर्ट बघितलास ना नीट?"

"सप्टेंबरपर्यंत चालतो. मला काय शेंबडी समजतेस?"

"संपतो कधी ते नाही विचारलं गं बाई. काढलास कधी?"

दहा वर्षं दोन महिने झाले होते. त्या काळी इथली कचेरी जुन्या पासपोर्टचे उरलेले महिने नव्याला जोडून द्यायची. लोक त्या फुकटच्या महिन्यांवर खूश असायचे. पण आता युरोप काढल्याच्या तारखेपासून दहा वर्षं मोजतो, वरचे महिने धरतच नाही. मॅक्सीनच्या दिराला विमानतळावरून बायकापोरांसकट परत पाठवलं होतं.

लिनेटने ओला हात एप्रनला पुसला, पुन्हा पुसला. "मग माझा संपलाय?"

"त्यांच्या लेखी संपलाय."

नवा यायला तीन आठवडे. सुट्टीला उरले होते बारा दिवस. घाईचा पासपोर्ट मिळतो, पण त्याची फी म्हणजे बोहिनच्या पाचही रात्री. "आणि तिथे जाऊन झोपू कुठे, रुळांवर?" असं म्हणून ती कढई घासायला वळली. मॅक्सीनने तिच्याकडे बघायचं टाळलं.

पास सुरू केलेला नव्हता, म्हणून तारीख ऑक्टोबरच्या सुट्टीवर ढकलता आली. पण ती सुट्टी एका आठवड्याची. पाच रात्रींच्या दोन झाल्या.

केरीचा फोन लगेच. "बघ, नशिबातच मेबलथॉर्प होतं. शनिवारी नऊला न्यायला येते."

"येऊ नकोस. मी येत नाही."

"मग घरी एकटी काय करणार आहेस?"

"जे ठरवलं होतं ते."

आणि तिने खरंच तेच केलं. घरच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ एक तास पुढे, तिकडच्या वेळेवर लावलं. वही उघडून ओट्यावर ठेवली. वहीप्रमाणे शनिवारी दुपारी ब्रुसेल्सला उतरली. कोलोनच्या एकोणीस मिनिटांत खिडकीत उभं राहून पाव खाल्ला. रविवारी म्युनिक. सोमवारी येसेनित्से.

सोमवारीच केरी आली, चेहऱ्यावर भांडण घेऊन. दार उघडंच होतं. आई गॅलरीच्या दाराशी खुर्ची ओढून बसलेली, कोट घातलेला, पर्स मांडीवर. समोर शेजाऱ्याचं वाळत घातलेलं धुणं.

"आई, हे काय चाललंय?"

"हळू बोल. बोगदा आलाय." लिनेटने घड्याळाकडे पाहिलं. "सहा किलोमीटरचा आहे. अजून चार मिनिटं अंधार."

केरीने भांडायला तोंड उघडलं. आईचा चेहरा पाहिला आणि मिटलं. कशात तरी एवढं मन लागलेला आईचा चेहरा तिने कधी पाहिलाच नव्हता. ना रॉयसोबत, ना नातवंडांसोबत. आपल्या बत्तीस वर्षांच्या आयुष्यात तिने आईला एकदाही विचारलं नव्हतं की तुला कुठे जायचंय. ती दुसरी खुर्ची ओढून बसली. चार मिनिटं दोघी घड्याळाकडे बघत राहिल्या.

"बाहेर आलो?" केरीने विचारलं.

"आलो."

"काय दिसतंय?"

लिनेट धुण्याकडे बघत राहिली. "मला कुठे माहितीये," ती म्हणाली. "मी गेलेच नाही ना अजून."

केरीने ऑक्टोबरातला तो आठवडा आपल्या फोनमध्ये लाल करून ठेवला. त्या आठवड्यात पोरं आजारी पडोत, छप्पर गळो, आईला फोन करायचा नाही. हे तिला बोगद्यात बसल्यावर सुचलं, त्याआधी नाही.

तुम्हाला तेवढा उशीर व्हायला नको. तुमच्या घरी सगळ्यांना वाढून शेवटी बसणारी जी बाई आहे, तिला आजच विचारा, तुला एकटीला कुठे जायचंय? ती "छे, कुठे नाही" म्हणेल. उठू नका. पुन्हा विचारा, आणि ती गावाचं नाव घेईपर्यंत तिच्या शेजारी बसून राहा.